वाक्यात उपयोग

परदेशात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची नोकरी होती आणि लेकीची उद्या इंग्रजीतून मुलाखत. तिला एका जागी बसवत नव्हतं. कमरेखाली लुळी पडलेली आई, ऐकून ऐकून पाठ झालेले प्रश्न अंथरुणातूनच विचारत होती.

"लुक आफ्टर म्हणजे?"

"सांभाळणं, काळजी घेणं." लेकीने घडी घातलेली चादर उलगडून पुन्हा घडी घातली.

"वाक्यात उपयोग?"

"आय लुक आफ्टर माय मदर."

"झालं, पुन्हा आईच. अगं, पेशंट म्हण. आईला सांभाळायचा पगार देतं का कुणी?"

लेक हसली, पण हात थांबले नाहीत. आईने साहेबासारखा आवाज जड केला. "तुम्ही इकडे आल्यावर आईला कोण सांभाळणार?"

लेकीने चादर पुन्हा उलगडली.

"शेजारची मावशी, असं ठोकून दे. इंग्रजीत."

लेकीने अडखळत वाक्य जुळवलं. बोलताना तिची नजर खिडकीबाहेर गेली. मावशी वारल्यापासून शेजारच्या दाराला कुलूपच होतं.

"पुन्हा म्हण," आई म्हणाली, "आणि या वेळी खिडकीकडे बघू नकोस."