चार हजार आठशे बारा कोंबड्या

होड्यांची शर्यत पाचला होती आणि चारलाच सगळं जग अडखळायला लागलं.

जग म्हणजे खेळातलं. डोंगर, नद्या, गावं, सगळं शेकडो खेळाडूंनी ठोकळ्यावर ठोकळा ठेवून उभं केलेलं. ते ज्या सर्व्हरवर चालायचं तो सांभाळणारीला सगळे सर्व्हरवाली म्हणत. सर्व्हरने सेकंदाला वीस वेळा साऱ्या जगाची खबर घ्यायची असते. तिच्या पडद्यावरचा आकडा सहावर येऊन बसला होता. धक्क्यावरच्या नावा दोन हात पुढे जात आणि तीन हात मागे येत. "सर्व्हरवाली झोपली का?" कुणीतरी लिहिलं. त्याखाली चाळीस जणांनी हसून घेतलं.

"परत रीस्टार्ट मार," फोनवर तिचा सहकारी म्हणाला.

"दोनदा मारला. दहा मिनिटं शहाण्यासारखा वागतो, मग पुन्हा तेच रडगाणं."

आठवडाभर ती याच्या मागे हात धुऊन लागली होती. मेमरी वाढवून झाली, नेटवर्क तपासून झालं, बाहेरून कुणी हल्ला करतंय का तेही पाहून झालं. गेली शर्यत अशीच फसली होती. आज फसली तर पुढच्या वेळी काळं कुत्रं फिरकणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

तिने आठवडाभराचे आलेख एकाखाली एक लावले आणि मान पुढे काढून पाहतच राहिली. रोज घसरगुंडी चारलाच सुरू होत होती. मशीन काही घड्याळ बघून बिघडत नाही. चारला कुणीतरी येत होतं.

मग तिने सर्व्हरचा वेळ नेमका कोण खातंय त्याची यादी मागवली. पहिल्याच ओळीत उत्तर होतं.

"कोंबड्या," ती म्हणाली.

"काय?"

"एका कुंपणात चार हजार आठशे बारा कोंबड्या आहेत. खेटून उभ्या आहेत, एकमेकींना ढकलतायत. आपला सर्व्हर बिचारा प्रत्येकीचा प्रत्येक धक्का मोजत बसलाय."

"उडव की मग!"

उडवायला एक ओळ पुरे होती. ती तिने लिहिलीही. पण न सांगता कुणाचं काही मोडायचं नाही, हा तिचा नियम होता. तिने माइक लावला आणि खेळात ती थेट त्या कुंपणाशी जाऊन उभी राहिली. पांढऱ्या पिसांचा समुद्र, आणि मधोमध एक खेळाडू सावकाश, एकेक करून अंडी फेकत होता. आठ-दहा अंड्यांमागे एक पिल्लू टुणकन बाहेर पडे.

"नमस्कार. या कोंबड्या तुमच्या?"

"हिच्या," एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. "थांबा हं, तिचे दोनशे पुरे होऊ देत. एकशे शहाण्णव झालेत."

"दोनशे काय?"

"अंडी हो. मार्चमध्ये अर्धांगाच्या झटक्याने हिचा उजवा हात गेला. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टर म्हणाल्या, बोटं हलवत राहा. ती चेंडू दाबायला कंटाळायची. नातवाने हे लावून दिलं. माउसचं बटण दाबलं की अंडं फेकलं जातं. पहिलं अंडं फेकायला तिला अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ लावून बसलो होतो."

सर्व्हरवालीने लिहिलेली ओळ मुकाट्याने पुसून टाकली.

"अहो, कोण आलंय?" मागून बाईंचा आवाज आला. "दोनशे झाले माझे."

सर्व्हरवालीने त्यांना सगळं सांगितलं. कोंबड्यांमुळे सगळ्यांचा खेळ कसा अडखळतोय तेही सांगितलं.

"अगं बाई," बाई हळूच म्हणाल्या. "मारणार का तुम्ही त्यांना?"

"छे हो! जिथे कुणी खेळाडू नसतो, तो भाग इथे झोपलेला असतो. आपण सगळे इथून हललो की त्याही झोपतील. उद्यापासून मी त्यांना निरनिराळ्या बेटांवर नेऊन सोडते. एकही कमी होणार नाही. पण आत्ता तुम्ही माझ्याबरोबर चला."

"कुठे?"

"शर्यतीला."

कुंपण सोडताच पडद्यावरचा आकडा वर चढू लागला. नऊ. चौदा. वीस. फोनवर सहकाऱ्याने जोरात शिट्टी मारली.

पाचला दोनशे नावा सुटल्या, आणि पाणी कापत अशा गेल्या की कुणाला तक्रार लिहायची उसंतच राहिली नाही. दोनशे एकावी नाव मात्र धक्क्यापासून वीस हातांवर गोल गोल फिरत होती. उजव्या वल्ह्याचं बटण बाईंकडे होतं, डाव्याचं त्यांच्या यजमानांकडे. पहिला नंबर लागला, दुसरा लागला, तिसराही लागला. जिंकलेले परत फिरून त्या नावेभोवती गोळा झाले आणि ओरडून ओरडून दिशा सांगू लागले. नाव फिरतच होती. सर्व्हरवाली खुर्चीत मागे रेलून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती.

आणि तेवढ्या गलक्यातही बाईंचा आवाज सगळ्यांना स्पष्ट ऐकू आला.

"अहो, हात चालवा ना जरा तुमचा! माझा केव्हाचा चालतोय."