सातांपैकी एक

“बाई, यात नाव लिवलंय का त्याचं?”

तुळशीने मोबाइल सरळ उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर ठेवला. पद्माबाईंनी लाल पेनाला टोपण लावलं.

“कुणाचं नाव?”

“जो वाचला त्याचं. मच्छीमार सोसायटीतला प्रणय बोलला, बोटीवरचा एक जण सापडलाय. कोन ते म्हाईत न्हाय. विनेश का त्याचा बाप, तेवढंच बगा.”

तुळशी कधीकाळी त्यांच्याच वर्गात होती. आठवीत शाळा सुटली. आता ती नागावात दारोदार मासळी विकायची. तिचा नवरा तुकाराम आक्षीच्या कोळीवाड्यातला तांडेल, बोटीचा प्रमुख. त्यांचा मुलगा विनेश यंदा पहिल्यांदाच बापाच्या बोटीवर गेला होता. मंगळवारच्या वादळात आक्षीच्या तीन बोटी बेपत्ता झाल्या. दोन बोटी शुक्रवारी कशाबशा किनाऱ्याला लागल्या. तिसरी, तुकारामची, आली नाही. तिच्यावर सात जण होते. आज रविवार. पाच दिवस तुळशीच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. ती ओटीच्या पायरीवर बसली ती खांबाला डोकं टेकूनच.

पद्माबाईंनी चष्मा पुसला. त्याही थकल्या होत्या. एकतीस वर्षं तेच व्याकरण, त्याच चुका. आजच्या बेचाळीस पेपरांतही पोरांनी तेच केलं होतं. ‘वन ऑफ द’ म्हटलं की पुढे अनेकवचन, आणि जोडशब्द असला तर एस शेवटच्या शब्दाला. ‘फिशिंग बोट्स’, ‘फिशिंग्स बोट’ नव्हे. कुणी एस पहिल्या शब्दाला लावला होता, बहुतेकांनी लावलाच नव्हता. या एका एसने जगात कुणाचं काय अडतं, असं मघाशीच त्यांच्या मनात येऊन गेलं होतं.

निरोप एका मालवाहू जहाजाच्या कप्तानाचा होता. तीन बोटींचा शोध घ्या, अशी सूचना सगळ्या जहाजांना गेली होती, तिला त्याने शुक्रवारी सकाळी दिलेलं उत्तर. सोसायटीच्या ग्रुपवर ते आज येऊन पोचलं होतं. नावं नव्हती. जहाज उद्या गुजरातेत बंदराला लागणार होतं. पहिलं वाक्य एवढंच: ‘वन ऑफ द बोट क्रूज इज ऑन बोर्ड.’

पद्माबाईंनी ते पुन्हा वाचलं. ‘वन ऑफ द बोट क्रू’ असतं, तर प्रणयचं बरोबर होतं. बोटीवरच्या खलाशांपैकी एक. पण इथे क्रूला एस होता. खलाशांच्या तीन ताफ्यांपैकी एक. अख्खा.

‘इज’ दोन्हीकडे सारखंच, त्याचा उपयोग नव्हता. सगळा भार त्या एका एसवर. आणि लिहिणाऱ्याने तो चुकून लावला असेल तर? जिकडे नको तिकडे एस लावणारी माणसं त्यांनी उभा जन्म पाहिली होती. चुकलं, तर या बाईला दोनदा रडावं लागणार होतं.

त्या पुढचं वाचू लागल्या. ‘टू वॉटर कॅन्स.’ ‘अ नंबर ऑफ लाइफ जॅकेट्स.’ जहाजावर काय काय घेतलं, त्याची यादी होती ती. प्रत्येक जोडशब्दात एस शेवटच्या शब्दाला, जागच्या जागी. कप्तान कुठल्या मुलखातला होता कोण जाणे, पण त्याने एकही एस सांडला नव्हता की उगीच लावला नव्हता.

“तुळशी,” त्या म्हणाल्या, “प्रणयने चुकीचं वाचलंय. एक माणूस नाही. एक बोट. दोन बोटी घरी आल्या, म्हणजे ही तुमचीच. त्यांनी सगळ्यांना वर घेतलंय.”

“दोघं?”

“दोघं. सातही जण.”

तुळशी हसेल, रडेल, पाया पडेल, असं त्यांना वाटलं. तिने तोंडात पदर कोंबला. मग म्हणाली, “मग मी हे काय करून बसले, बाई? सकाळी देवळात आईफुडं नारळ ठेवला. बोलले, एकच द्यायचा असंल तर पोर दे. धनी तुला घे.”

पद्माबाईंनी आतून पाणी आणून दिलं.

सोमवारी संध्याकाळी फोन आला. सातही जण सुखरूप होते. बुधवारी ते आक्षीला आले, तेव्हा सगळा कोळीवाडा बंदरावर लोटला होता.

शनिवारी तुकाराम स्वतः पद्माबाईंच्या दारात उभा राहिला. खाऱ्या पाण्याने चेहऱ्याची सालं निघाली होती. त्याने दोन पापलेटं ओटीवर ठेवली आणि तो घुटमळला.

“एक इचारू, बाई? ही माझ्या तोंडाकडं बघत न्हाय. जेवायला वाढते, अंगाला तेल लावते, सगळं करते. पन मान खाली. तुमच्याकडं काय बोलली का?”

“तू विचारलंस तिला?”

“कुठल्या तोंडानं?” तो पायरीवर बसला. “मलाच तिच्याकडं बघवत न्हाय. बोट उलटली तवा पोर माझ्या हातात होतं. आईला बोललो, याला घरी ने, मला घे. बायकोचा इचारसुदा आला न्हाय मनात. आता तिला कसं सांगू, की मी तुला सोडून चाललो होतो?”



“घरी जा,” पद्माबाई म्हणाल्या. “आत्ता मला सांगितलंस ना, ते अस्संच्या अस्सं तिला सांग.”

“रागावली म्हंजे?”

“नाही रे रागावणार.”