शालीच्या काठावरचं चिन्ह

चिन्ह पडद्यावर उमटलं तशी वंदनानं खुर्ची मागे ढकलली आणि हिलालला हाक मारली.

"आलं बघा, मास्तर!"

मंगोलियाच्या व्यापाऱ्यानं इंटरनेटवरच्या एका पानाचा पत्ता पाठवला होता. पानाच्या माथ्यावर आमच्या लिपीतलं शोभेचं चिन्ह आहे, तुमच्या 'श्री'सारखं ते मजकुराच्या आरंभी येतं, तेच शालींच्या काठावर विणा, एवढंच त्याचं म्हणणं. वंदनानं पानामागचा कोड उघडला. चिन्हाच्या जागी नुसता एक आकडा होता. तो तिनं आपल्या कोऱ्या पानात टाकला, आणि चिन्ह जसंच्या तसं उभं राहिलं. उभट चौकोन, बारीक रेघ, आत मोकळं.

हिलाल मास्तर नक्षी विणणारे जॅकार्डचे माग सांभाळायचा. तो वाकून बघत राहिला.

"हाई ते दरवाजानी चौकट शे, ताई. सोपं शे."

"सोपं नाही, साधं आहे. तंबूत राहणारी माणसं, दाराला मान देणारच."

कडोदऱ्याच्या त्या शालींच्या कारखान्यात नक्षी आजवर हातानं कागदावर निघे. कॉम्प्युटर नक्षी काढणाऱ्या वंदनाच्या हट्टानं आलेला. मालक छगनशेठांनी भाच्याचं गुजराती पत्र त्यावर उघडायला लावलं, तर फॉन्ट नाही म्हणून अक्षरांच्या जागी नुसती रिकामी खोकी उमटली. तेव्हापासून त्यांचा मशीनवर राग.

"वंदनाबेन, ऑर्डर गयो तो आ मशीन पण गयुं," ते म्हणाले होते, "ने तमे पण."

शाली विणून झाल्या. काठावर चौकोनांची रांग अशी सरळ, की पट्टी लावून बघावी.

व्यापारी आला. बातार त्याचं नाव. दिल्लीत शिकलेला, हिंदी चांगली. त्यानं शाल उलगडली, काठावरून बोट फिरवलं आणि दुसरी शाल उचलली. छगनशेठ वंदनाकडे बघू लागले. वंदना जमिनीकडे.

"असा काठ आमच्या बाजारात कुणाकडेच नाही," बातार म्हणाला. "सगळा माल घेतो. पुढच्या वेळी दुप्पट."

शेठांनी पेढे मागवले. पहिला पेढा वंदनाच्या हातावर ठेवला.

"मशीन रहेशे. बीजुं मशीन पण लावशुं!"

"आते भिडवा माग!" हिलाल बाहेर ओरडला, आणि कारागिरांनी माग सुरू करत शिट्ट्या मारल्या. वंदनाला हसू आवरेना.

तेवढ्यात बातारनं आपला लॅपटॉप उघडून तिच्यापुढे सरकवला. पान तेच होतं, तिनं शंभरदा पाहिलेलं. माथ्यावर, तिला चौकोन दिसायचा त्याच जागी, ज्योतीसारखी शेपटी वळवून एक नागमोडी चिन्ह बसलं होतं.

"पुढच्या मालावर हे चौकोन असेच ठेवा," तो म्हणाला. "फक्त या वेळी त्यांच्या आत आमचं चिन्हही विणा."