मंडळाची शान

ब्याण्णव साली आमच्या उमेळे गावच्या भजनात मी गिटार घेऊन बसलो, तेव्हा हरेश्वरमामांनी हातातले टाळ खाली आपटले. मामा म्हणजे आईचे सख्खे भाऊ, आणि भजनी मंडळाचे बुवा. "देवासमोर परत हे डबडं आनलंस तर पाय मोडीन!" सगळ्या मंडळासमोर त्यांनी मला हाकललं.

मग गावातल्याच चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेला, म्हणजे मिस्साला, गाणाऱ्या क्वायरमध्ये गेलो. तिथले मास्तर म्हणाले, "मिस्साला असली भजनाची चाल नको." मलाही मग खुन्नस चढली. एकाला गिटार नको, दुसऱ्याला भजन नको; तेच दोन्ही एकत्र करून मी चाली बांधत राहिलो. मामांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. आईच्या तेराव्यालाही समोरून तोंड फिरवून गेले.

दोन हजार सहा साली माझ्या अल्बमला दिल्लीत बक्षीस मिळालं आणि पेपरात गिटार वाजवतानाचा फोटो छापून आला. आठवड्याभरात मामांचा फोन. "भाच्या, नाक्यावर तुजा फ्लेक्स लावलाय. येऊन बघ तरी!"

सगळा राग गिळून गेलो. 'उमेळ्याचा सुपुत्र, आमच्या मंडळाची शान!' खाली हात जोडलेले मामा, माझ्याहून मोठ्या आकारात. वर माझा तोच पेपरातला फोटो.



फक्त गिटार कापून तिथे एकतारी चिकटवली होती, आणि तिच्या एकुलत्या एका तारेवर माझी चार बोटं चार वेगवेगळ्या तारा दाबत होती.