चेहरा जुळत नाही

लग्नाआधी रुद्रेशनं नवा लॅपटॉप घेतला होता. मालकाचा चेहरा ओळखून तो उघडायचा. लग्नाच्या फोटोंची सीडी आली, तेव्हा नवी नवरी दानेश्वरी हौसेनं शेजारी बसली. लॅपटॉप उघडेना. पासवर्ड रुद्रेशला आठवत नव्हता. तिनं खिडकी उघडली, त्याला चष्मा काढायला लावला, पदरानं कॅमेरा पुसला. तरी ‘चेहरा जुळत नाही’ हेच उत्तर आलं. “अहो, पहिल्यांदा चेहरा दाखवलासा तवा काय येगळं हुतं? आठवा की!” रुद्रेशला चांगलं आठवत होतं. तेव्हा घरी तो एकटाच होता आणि विग खुंटीवर. मुलगी बघायला मुरगूडला जाताना घातलेला विग त्यानं तिच्यासमोर कधीच काढला नव्हता. आता मान खाली घालून त्यानं तो उतरवला. लॅपटॉप लगेच उघडला. रुद्रेशला वर बघवेना. “मशिनीला खरं तोंड दाखवलंसा,” ती म्हणाली, “अन् मला न्हाय?”