ताटाआधीची हाक

म्हातारबुवांचं पोट दाबून पाहत डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, जेवणाची चाहूल लागली की जठरात पाचकरस सुटतो. मागोमाग अन्न आलं नाही, तर तो पोटालाच खायला उठतो. वेळेवर जेवत चला."

"मी तयारच असतो हो! पण आमच्याकडे हाक आधी, स्वयंपाक मागून. 'ऐकलंत का, ताट वाढलंय!' म्हणून ही ओरडते. लगबगीनं जावं, तर गॅससुद्धा पेटलेला नसतो."

डॉक्टरबाईंना हसू फुटलं. त्यांच्याही घरी हीच रीत होती. "मग काकूंना सांगा, आधी ताट वाढा आणि मग हाक मारा."

"जन्मभर तेच सांगितलं. जिवंतपणी ऐकलं नाही, ती आता ऐकणार?"

गोळीचं नाव लिहिता लिहिता डॉक्टरबाई थांबल्या.

"रोज दुपारी हाक येते. शेगडी थंड असणार हे मला ठाऊक असतं, पण पोटाला कोण समजावणार?" म्हातारबुवांनी सदऱ्याची बटणं लावली, चिठ्ठी खिशात घातली आणि दारापर्यंत जाऊन ते परत वळले.

"डॉक्टरबाई, या गोळीनं फक्त जळजळच थांबेल ना? हाक नाही ना थांबणार?"