जिन्यातल्या टाइल्स

रेल्वेचं फाटक भिंत घालून बंद झालं आणि वरून पादचारी पूल आला. तेव्हापासून रुळांपलीकडं राहणाऱ्या क्रांतीवहिनींना अंबाबाईला जायला दुसरी वाटच उरली नाही. पुलाच्या जिन्याला तीन वळणं, आणि प्रत्येक वळणाची भिंत मावा खाणाऱ्यांनी थुंकून लालभडक केलेली. ते ओघळ बघूनच वहिनी पदर नाकाला लावायच्या. त्यात नवरात्रात नऊ दिवस अनवाणी चालायचं त्यांचं व्रत.

यंदा त्यांनी खेटे घालून परवानगी काढली, भिंती घासून घेतल्या आणि तिन्ही वळणांवर अंबाबाईच्या, जोतिबाच्या टाइल्स बसवल्या. पहिल्या माळेला सकाळी जिना चढताना बघतात तर काय, भिंती लख्ख! एक डाग नाही. भरल्या मनानं त्यांनी हात जोडले, पाऊल पुढं टाकलं आणि तळव्याला काहीतरी कोमट, चिकट लागलं.

दोन पायऱ्या वर एक गृहस्थ ओठ पुसत उभे होते, कपाळभर गुलाल.

"अहो, हे काय केलंत!" वहिनी ओरडल्या.

त्या गृहस्थांनी आधी भिंतीवरच्या जोतिबाला मनोभावे नमस्कार केला.

"मग काय देवाच्या अंगावर थुकायचं व्हय, मावशी? म्हणून तर पायरीवर थुकलो की!"